बागुलबुवा, चेटकीण आणि भूत : मुलांच्या भूतकथांविषयी एक विचार

१

मुलांना भुताच्या गोष्टी सांगाव्यात की सांगू नयेत, हा वाद आपल्याकडे जुना आहे. परंतु तो बहुधा शिक्षणशास्त्राच्या आणि समाजसुधारणेच्या क्षेत्रात चालला. या गोष्टींचे वाङ्मय म्हणून परीक्षण करावे, त्यांतील चांगली कोणती व वाईट कोणती हे ठरविण्याचे काही गमक शोधावे, याकडे साहित्यसमीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात असे एक गमक सुचवावयाचे आहे. ते तपासून पाहण्यासाठी पालघर जिल्ह्याचा, म्हणजे बोईसर-तारापूरच्या किनाऱ्याचा आणि डहाणू-जव्हारच्या डोंगरपट्टीचा, आधार घेतला आहे. मराठी बालशिक्षणाची एक मोठी चळवळ याच भूमीत रुजली, आणि ‘भुताळी’ ठरविलेल्या स्त्रियांचा छळही या पट्ट्याला अपरिचित नाही. भूतकथेच्या बाजूने व विरुद्ध जे काही म्हणता येईल, त्याची परीक्षा येथे जितकी कठोर होईल तितकी ती शहरातील दिवाणखान्यात होणार नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी मुलांच्या भयकथांतील पात्रांचे तीन वर्ग करणे इष्ट आहे : बागुलबुवा, चेटकीण आणि भूत. व्यवहारात आपण या तिघांची सरमिसळ करतो, आणि एकावर केलेला आरोप तिघांनाही लावतो. वस्तुतः त्यांच्या स्वभावात मूलभूत भेद आहे.

२

बागुलबुवा हा कथेतील नव्हे, तर धाकातील प्राणी आहे. ‘झोप, नाही तर बागुलबुवा येईल’ या वाक्यापलीकडे त्याला अस्तित्व नाही. त्याला गाव नाही, आईबाप नाहीत, मरण नाही; त्याला काय हवे आहे हे कोणी विचारीत नाही. तो मोठ्यांच्या हातातील छडीचेच दुसरे रूप होय. म्हणूनच नव्या बालशिक्षणाने त्याला घराबाहेर काढले, ते योग्यच केले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी भय आणि शिक्षा यांना शाळेत थारा द्यावयाचा नाही असा आग्रह धरला. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुलांच्या पाड्यापर्यंत जाणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावर भरणारी कुरणशाळा या कल्पना तेथेच आकारास आल्या. जंगल-ठेकेदार, सावकार आणि जमीनदार यांच्या धाकात पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या समाजाच्या मुलांना निर्भय करणे, हे या शिक्षणाचे केवळ पद्धतीविषयक नव्हे, तर सामाजिक ध्येय होते.

या चळवळीची प्रेरणा असलेल्या मारिया माँटेसोरी लहान मुलांना अद्भुत कथा सांगण्याविषयी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र कथाकथनावर गुजरातीत स्वतंत्र शास्त्रग्रंथ लिहून गोष्टीला शाळेत मानाचे स्थान दिले. म्हणजे प्रश्न गोष्टीचा नव्हता, भयाचा होता. तथापि भयाला बाहेर काढताना बागुलबुवाबरोबर भूतही बाहेर गेले. धाक दाखविणारी आकृती आणि दुःख सांगणारी आकृती यांत फरक करण्याची गरज त्या काळी कोणास वाटली नाही. समोरचे काम इतके निकडीचे होते की तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, मृत्यूविषयी बोलणारी एक जुनी कथाजाती मुलांच्या अधिकृत वाङ्मयातून गेली, आणि तिची जागा घेणारे दुसरे काही आले नाही. मृत्यू मात्र मुलांच्या आयुष्यातून गेला नाही. १९९२ च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंची वार्ता देशभर पोहोचली. त्या घरांतून मागे राहिलेली भावंडेही होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

३

दुसरी आकृती चेटकिणीची. मराठी बालरंगभूमीवर तिचे स्थान मोठे आहे. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये बालरंगभूमीची जी चळवळ सुरू केली, तिचा आरंभ रत्नाकर मतकरी यांच्या ‘मधुमंजिरी’ने झाला. पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी गाजविली, आणि २०१८ मध्ये ते नाटक नव्या संचात रंगमंचावर आल्यावर वैभव मांगले यांच्या चिंचीने दुसऱ्या एका पिढीला हसविले. भयाची आकृती हास्यास्पद करून टाकणे ही बालरंगभूमीची खरी कामगिरी आहे. अंधाऱ्या नाट्यगृहात शेकडो मुले एकाच वेळी घाबरतात आणि एकाच वेळी हसतात, तेव्हा भय वाटून घेता येते व जिंकता येते हा अनुभव त्यांना मिळतो. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही येथे दोन मुद्दे उपस्थित होतात. पहिला असा की, हसण्याने भय जाते, दुःख जात नाही. चेटकिणीला हरविले की नाटक संपते. कारण तिच्या दुष्टपणाला मागचा इतिहास नसतो. ती दुष्ट का झाली, तिचे कोणी काही हिरावून घेतले होते काय, हे विचारण्याची सोय त्या रचनेत नाही. या दृष्टीने मतकरींचे एकूण लेखन लक्षणीय आहे. प्रौढांसाठी लिहिलेल्या त्यांच्या गूढकथांत अपराध, एकटेपणा आणि वियोग यांना अमानुषाचे रूप मिळते. मुलांसाठी लिहिताना तेच अमानुष विनोदी होते. एकाच लेखकाने आपल्या प्रतिभेचे असे दोन कप्पे करावेत, यात त्याचा दोष नाही. मुलांना दुःख झेपत नाही, हा आपल्या वाङ्मयीन व्यवहाराचा अलिखित करार त्यातून दिसतो.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. बागुलबुवा कोणी नसतो आणि भूत हे मेलेल्याचे असते. चेटकीण मात्र जिवंत बाई असते. पालघरच्या डोंगरपट्टीत तिला ‘भुताळी’ म्हणतात, सातपुड्यात ‘डाकीण’ म्हणतात. मूल आजारी पडले, गुरे मेली, की भगताच्या सांगण्यावरून कोणा एकट्या वृद्ध स्त्रीकडे बोट दाखविले जाते, आणि पुढे काय घडते हे सर्वांस ठाऊक आहे. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्या व्यक्तीवर करणी वा जादूटोण्याचा आरोप ठेवून तिचा छळ करणे हा त्याने दंडनीय अपराध ठरविला आहे. नाटकातील चिंचीमुळे कोणी कोणाला मारले असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु कुरूप, एकटी, म्हातारी बाई म्हणजे दुष्टावा, हे समीकरण दादरच्या नाट्यगृहात निरुपद्रवी असले, तरी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरील मुलाच्या बाबतीत तसे राहत नाही. त्याच्या दृष्टीने ती बाई नकटे नाक लावलेला नट नसून शेजारच्या घरात राहणारी म्हातारी असू शकते. अंधश्रद्धेच्या नावाने मुलांच्या वाङ्मयातून एखादी आकृती वगळावयाचीच असेल, तर तो विचार भुतापूर्वी चेटकिणीविषयी व्हावयास हवा होता. झाले मात्र उलट.

४

आता भूत. १९१५ साली आर. ई. एन्थोव्हेन यांनी ए. एम. टी. जॅक्सन यांच्या टिपणांवरून कोकणातील लोकसमजुतींचा संग्रह प्रसिद्ध केला. जॅक्सन म्हणजे १९०९ मध्ये नाशिक येथे अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडलेले कलेक्टर. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठविलेली उत्तरे हा त्या संग्रहाचा मुख्य आधार होय. त्यातील भुतांची वर्गवारी वाचताना एक गोष्ट ताबडतोब ध्यानात येते. मुंज झाल्यावर पण सोडमुंजीपूर्वी मेलेला मुलगा तो मुंजा. बाळंतपणात मेलेली ती हडळ किंवा अळवंत. नवरा जिवंत असता मेलेली ती जखीण. पाण्यात बुडून मेलेला तो गिऱ्हा. धनाची वासना ठेवून मेलेला ब्राह्मण तो ब्रह्मसमंध. येथे भुतांचे वर्गीकरण त्यांच्या रूपावरून किंवा सामर्थ्यावरून केलेले नाही. ते मरणाच्या प्रकारावरून, म्हणजेच काय अपुरे राहिले त्यावरून केलेले आहे. मुंज्याचे तारुण्य अपुरे राहिले, हडळीचे मातृत्व अपुरे राहिले. ही यादी भुतांची असली, तरी तिला अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची यादी म्हणावयास हरकत नाही.

ती निर्दोष मात्र नाही. तिच्यात जातिभेद पुरेपूर उतरला आहे. मेल्यावरही ब्राह्मणाचे भूत वेगळे आणि मुसलमानाचे, कोळ्याचे वा अस्पृश्य मानलेल्यांचे वेगळे. स्त्रियांच्या वाट्याला तर विलक्षण अन्याय आला आहे. जिचा जीव बाळंतपणात गेला, तिलाच गावाने सर्वांत घातक ठरविले. समाज ज्यांच्या बाबतीत उणा पडला त्यांचेच त्याला भय वाटते, असे या यादीवरून म्हणता येईल. पण त्यामुळेच ती समीक्षकाच्या दृष्टीने मोलाची ठरते. भूत म्हणजे चरित्र असलेले भय. त्याच्याविषयी ‘हे कोणाचे?’ आणि ‘याला काय हवे आहे?’ हे दोन प्रश्न विचारता येतात. बागुलबुवाविषयी किंवा चेटकिणीविषयी ते विचारता येत नाहीत.

हे प्रश्न आपल्या समाजाला नवे नाहीत. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा जमलेली माणसे मेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल याचा उघड उच्चार करतात : धाकट्याचे शिक्षण करू, मुलीचे लग्न लावू, म्हातारीला अंतर देणार नाही. घरातील मुले बाजूला उभी राहून हे ऐकत असतात. मेलेल्याच्या वतीने जिवंतांनी एकमेकांना दिलेले ते वचन असते. कावळ्यावर विश्वास असो वा नसो, त्या प्रसंगाची भावनिक रचना खरी आहे, आणि चांगल्या भूतकथेची रचना नेमकी तीच असते. यावरून गमक असे निघते : मुलांसाठी लिहिलेली जी भूतकथा हे दोन प्रश्न विचारते व त्यांच्या उत्तराची जबाबदारी जिवंतांवर टाकते, ती चांगली, जी केवळ दचकविते किंवा केवळ हसविते, ती दुय्यम.

५

या गमकाची खरी कसोटी हडळीच्या गोष्टीत लागते. ही गोष्ट साधारणतः अशी सांगितली जाते : रात्री वाटेवर सुंदर बाई भेटते, तिचे पाय उलटे असतात, पाठ पोकळ असते, वाटसरू युक्तीने सुटतो. ती ऐकणाऱ्या मुलांत असे एक मूल आहे, ज्याची आई बाळंतपणात गेली, असे समजा. दुर्गम पाड्यावर ही कल्पना करण्यास फार लांब जावे लागत नाही. इतर मुले वाटसरूच्या जागी स्वतःला पाहतात. हे मूल काय पाहते? सर्व गाव जिला घाबरते ती त्याची आई आहे. ती परत येऊ नये म्हणून उपाय करतात, हे त्याला समजते. आणि त्याला तर ती परत यावयास हवी आहे. शिवाय ती ज्या बाळंतपणात गेली ते त्याचे स्वतःचे असेल, तर अपराधाची भावनाही त्याच्या मनात असते. भय, ओढ आणि अपराध या तिन्ही भावना एकाच वेळी, आणि त्यांतील एकही बोलून दाखविता येत नाही. या श्रोत्याचा विचार करून सांगितलेली हडळीची गोष्ट आपल्या बालवाङ्मयात असावयास हवी होती. तीत वाटसरूला नायकत्व देऊन भागणार नाही. ती बाई कोणाची, आणि रात्रीची कोणाला शोधते, हे विचारणारा कोणी तरी तीत हवा. उत्तर हिंदुस्थानातील चुडैल हीदेखील बहुधा बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचीच समजूत आहे. त्यामुळे तारापूर औद्योगिक वसाहतीत कामासाठी आलेल्या कुटुंबांची हिंदी बोलणारी मुले आणि शेजारची मराठी मुले यांना अशी गोष्ट सारखीच कळेल. बोईसरच्या एखाद्या वर्गात दोन्ही मुले एकाच बाकावर बसतात.

किनाऱ्यावरचे उदाहरण गिऱ्ह्याचे. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी या गावांतून समुद्रावर जाणाऱ्या घरांना बुडून येणारे मरण नवे नाही. गिऱ्हा पाण्यातून हाक मारतो व ओ देणाऱ्याला आत ओढतो, अशी समजूत आहे. बाहेरच्याला ती खाडीपासून मुलांना दूर ठेवण्याची युक्ती वाटेल, आणि तेवढ्यापुरता गिऱ्हा बागुलबुवाच ठरेल. परंतु ज्या घरातील माणूस होडीवरून परतलाच नाही, त्या घरात ही हाक निराळी ऐकू येते. देह न मिळालेल्याचा पालाशविधी करण्याची सोय धर्मशास्त्राने केली आहे; मुलाच्या मनासाठी तशी सोय नाही. तो गेला असे म्हणवत नाही आणि येईल असे म्हणता येत नाही. पाण्यातून आलेल्या हाकेला ओ द्यावी की देऊ नये, हा गोष्टीतील पेच त्या मुलाचा स्वतःचाच पेच आहे. ओ न देताही आठवण ठेवता येते, असे सांगणारी कथा त्याला उपयोगी पडेल. गिऱ्हा असत नाही, एवढेच सांगणारे व्याख्यान पडणार नाही.

वियोग केवळ माणसाचाच होतो असे नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवून त्यांचे पुनर्वसन करण्यात आले. हरवलेल्या जागेचे भूत हा विषय मुलांच्या वाङ्मयाला वर्ज्य नाही, हे फिलिपा पिअर्स यांच्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’ या १९५८ च्या इंग्रजी कादंबरीने दाखविले आहे. तीत घड्याळात तेराचे ठोके पडले की टॉमला एक बाग सापडते. दिवसा तेथे बाग नसते. ती केव्हाच नाहीशी झालेली असते. तेथे भेटणारी लहान हॅटी म्हणजे त्याच घरात वरच्या मजल्यावर राहणारी घरमालकीण म्हातारी, हे शेवटी उलगडते. येथे भूत मेलेल्याचे नसून जिवंत वृद्धेच्या आठवणीचे आहे. आणि ते ओळखल्यावर मुलगा तिला प्रेमाने कवटाळतो. ज्या म्हातारीला मूल प्रथम घाबरते, तिच्या आत एक लहान मुलगी आहे, हे सांगणारी ही कथा चेटकिणीच्या कथेचे उत्तर आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पोफरणच्या आजीची अशी कथा मराठीत लिहिता येण्याजोगी आहे.

६

मराठी बालवाङ्मयात या वाटेवरचे काहीच नाही, असे मात्र नव्हे. साने गुरुजींनी सांगितलेली ‘सोनसाखळी’ सर्वांच्या परिचयाची आहे : सावत्र आईने मारलेली मुलगी, तिला पुरलेल्या जागी उगवलेले डाळिंबाचे झाड, आणि बापाच्या हाती आलेल्या फळातून पुन्हा प्रकट होणारी ती मुलगी. ग्रिमबंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील जुनिपर वृक्षाची कथा याच कुळातील. तीत मारलेला मुलगा पक्षी होऊन आपली हकीकत गातो. तेव्हा मृत मुलाने बोलावे आणि बापाने ऐकावे, हा या कथाकुळाचा गाभा होय. जवळ नसलेल्या बापाविषयीचा राग ही मुलाला उच्चारता न येणारी भावना; तिला येथे झाडाची किंवा पक्ष्याची वाणी मिळते. या कुळातील कथांचा दोष असा की, सर्व अपराध सावत्र आईच्या माथी जातो. ती जवळजवळ चेटकीण होते, आणि बाप मात्र नुसता दुःखी राहून सुटतो. भुताचा प्रश्न विचारणारी कथाही चेटकिणीच्या सोप्या उत्तराकडे कशी वळते, याचे हे उदाहरण आहे.

याहून पूर्ण उदाहरण ‘श्यामची आई’चे. ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. त्यात भूत नाही. परंतु त्याच्या प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे, हे ध्यानात घ्यावे. रोज रात्री माणसे जमतात, आणि श्याम त्यांच्यासमोर मृत आईला आणून उभी करतो. आईच्या अखेरच्या क्षणी तो तिच्याजवळ नव्हता. ती उणीव या कथनामागे सतत जाणवते. तिला काय हवे होते, या प्रश्नाचे उत्तर तो आपल्या वागण्याने देऊ पाहतो. या पुस्तकावर अतिभावुकतेचा आक्षेप घेतला जातो, व तो सर्वस्वी खोटा नाही. पण पिढ्यान् पिढ्या मुले ते वाचून रडली, यावरून एवढे सिद्ध होते की मुलांना दुःख झेपते. त्याला रूप आणि सोबत मिळाली पाहिजे, इतकेच.

७

एका आक्षेपाचा विचार करून हा लेख संपवू. भूतकथा सांगितल्याने अंधश्रद्धा वाढते, असे म्हटले जाते. हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. ज्या जिल्ह्यात आजारी मूल दवाखान्यापूर्वी भगताकडे नेले जाते, तेथे तर नाहीच. परंतु भगत जे करतो आणि कथा जे करते, त्यांत भेद आहे. भगत दुःखाचे कारण बाहेर शोधतो व एका जिवंत माणसावर बोट ठेवतो. चांगली भूतकथा दुःखाला मेलेल्याचे नाव देते आणि ऐकणाऱ्याला विचारते, आता आपण काय करावयाचे? श्रद्धेचा आग्रह पहिल्यात आहे. दुसरीला ऐकणाऱ्याचे लक्ष पुरते. भुतावर विश्वास न ठेवताही मूल मुंज्यासाठी हळहळू शकते, आणि ही हळहळ शिकविण्यासाठी दुसरे साधन आपण अद्याप निर्माण केलेले नाही.

पालघर जिल्ह्यात लोककथांचे संकलन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना यातून एक सूचना करावीशी वाटते. कथेचा पाठ, सांगणाऱ्याचे वय, पाडा आणि बोली यांची नोंद आपण करतोच. तिच्याबरोबर कथा ऐकायला कोण बसले होते, त्यांच्या घरी अलीकडे कोणी गेले होते काय, आणि ते लक्षात घेऊन सांगणाऱ्याने कथेत काही बदलले काय, हेही विचारपूर्वक व संकोच राखून टिपावे. एखाद्या आजीने आईवेगळ्या नातवासमोर हडळीची गोष्ट सांगताना उलट्या पायांचा उल्लेख गाळला असेल, तर तो पाठातील दोष समजू नये. त्या आजीने आपल्या श्रोत्यासाठी केलेली ती निवड आहे, आणि मुलांसाठी भूतकथा लिहू पाहणाऱ्या लेखकाने पहिला धडा तिच्याकडूनच घ्यावा.